काकवीचा नळ

चन्नाप्पा ग्लास भरण्याआधी उजेडाकडे धरायचे. एक डोळा मिटायचे. मगच ग्लास नळाखाली न्यायचे.

गॅसच्या टाकीला कान लावून ऐकायचे. काय ऐकू येतं, ते कधी सांगितलं नाही.

अंगात कायम कंपनीचा निळा शर्ट. खिशावरचं कंपनीचं चिन्ह बायकोनं, शांतव्वांनी, उसवून काढलेलं. तिथलं कापड तेवढं गडद राहिलेलं.

गिऱ्हाईक पिऊ लागलं, की त्याच्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघायचे. त्याचा घोट खाली उतरला, की हेही गिळायचे.

स्वतः मात्र सोडा पीत नसत. थर्मासातलं कोमट पाणी प्यायचे, थर्मासच्याच झाकणातून.

अनोळखी माणसाला पावणं म्हणायचे. ओळखीच्यालाही पावणंच. तेजस्वीला तेवढं तंगी म्हणायचे. त्यांच्या शिवेकडच्या गावात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं यंत्राचे आठही नळ पुसायचे. सात नळांतून सोडा यायचा. कडेच्या नळातून काहीच येत नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ तोच पुसायचे.

तेजस्वी हे सगळं शेजारच्या गाळ्यातून बघायची. तिनं मराठी घेऊन एम.ए. केलं होतं आणि आता राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करत होती. तिच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा होता. त्याच्या पलीकडे उदयसिंहाची लाँड्री. तो मधला गाळा बरीच वर्षं बंदच होता. मग एका उन्हाळ्यात टेम्पोतून सोड्याचं यंत्र आलं आणि त्याच्यामागून स्कूटरवर चन्नाप्पा आणि शांतव्वा आले.

चन्नाप्पा कागलच्या एमआयडीसीत फिटर होते. कारखान्यानं जुनी माणसं कमी केली, त्यात तेही आले. घरी बसून राहण्यापेक्षा त्यांनी हे यंत्र घेतलं. टेम्पोतून उतरवल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दारात आलेल्या नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"गार हाय," ते म्हणाले.

"अजून वीज जोडायचीया," शांतव्वा म्हणाल्या. "पत्रा हाय तो. गारच असणार की."

त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावलं. नारळ उदयसिंहानं फोडला. फोडताना म्हणाला, "अण्णा, गोटी सोडा पिणारी माणसं आमी. नळाचं पाणी कोण पिणार?"

"तुमीच पिणार, पावणं," चन्नाप्पा म्हणाले. "इस्त्रीपाशी उभं राहून राहून याल."

आणि तसंच झालं. उदयसिंह दुपारी जिऱ्याचा सोडा पिऊ लागला. मग त्याची गिऱ्हाइकं. मग शिकवणीला येणाऱ्या पोरी.

नळांवरची नावं तेजस्वीनं तयार केली होती. लिंबू, जिरा, आलं, संत्रं, कोला, कोकम, काळा खट्टा. प्रत्येक नावाखाली किंमत.

"आणि कडेचा?" तिनं विचारलं होतं.

"त्येचं नाव मागनं सांगतो."

ते मागनं पावसात आलं. जुलैतली दुपार होती. सोड्याकडे कुणी फिरकत नव्हतं. राधानगरीकडून ढग येत होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. तेजस्वी पुस्तक मिटून चन्नाप्पांच्या गाळ्यात येऊन बसली होती. यंत्र हलकं घुमत होतं. चन्नाप्पांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. तेजस्वीला वाटलं, ते तिच्याशी बोलत नाहीत, त्या घुमण्याशी बोलताहेत.

त्यांचं गाव कृष्णाकाठचं, शिरोळच्या पुढं. नदी ओलांडली की कानडी सुरू. वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीत रस उकळतो, दाटतो, आणि एका क्षणी गूळ व्हायला तयार होतो. तो क्षण ओळखायचा, हे गुळव्याचं काम. छोटा चन्नाप्पा तिथंच वाढला. चुलवाणाच्या उबेला झोपायचा. जाग यायची तेव्हा वर धूर असायचा आणि धुरात चांदण्या. दोन्ही गोडच वाटायचं, ते म्हणाले.

"वाटेनं कोण बी जाऊ दे. थांबला की रस. वर वाटीभर काकवी. घरला बी न्यायची. कोण, कुठला, कुणाचा, कोण इचारत नव्हतं. एकच इचारायचं."

"काय?"

"भांडं आणलंय का."

गुळाआधीचा तो दाट, तांबूस पाक. काकवी. कडेचा नळ त्यांनी तिच्यासाठी ठेवला होता. काकवीचा सोडा करायचा. आणि तो विकायचा नाही. ज्याला तहान लागलीय त्यानं थांबावं, प्यावं, जावं.

तेजस्वीला हसू आलं. "म्हणजे फुकट?"

"गुऱ्हाळावर फुकट म्हणत न्हाईत, तंगी."

"मग काय म्हणतात?"

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"काय बी म्हणत न्हाईत," ते म्हणाले. "लय वर्सं फाटकावर कार्ड दावून आत गेलो. कार्ड घरी ऱ्हायलं, तर रोजचा वाचमन बी वळखत न्हवता. एक नळ तरी बिगरकार्डाचा असावा की."

तेजस्वी हसायची थांबली.

शांतव्वांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्या दुपारचा डबा घेऊन यायच्या आणि डब्याबरोबर टोमणाही आणायच्या.

"सात नळांनी मिळवायचं आणि आठव्यानं सोडून द्यायचं. ह्यांचं लग्नापासनं असंच हाय, तेजू. वऱ्हाड बसलंय उपाशी आणि नवरदेव बँडवाल्यांस्नी वाढतोय."

"त्येंनी फुंकून फुंकून दमलती," चन्नाप्पा म्हणाले.

"आणि मी?" शांतव्वा म्हणाल्या. "मी काय पाळण्यात बसून आलोवतो व्हय?"

पण शेवटी त्यांनीच तोडगा काढला. शिकवणीच्या पोरी ब्लूबेरी मागत होत्या. कडेचा नळ रिकामा बघून त्या पुढच्या दुकानात जायच्या. म्हणून शांतव्वांनी अट घातली. येत्या हंगामात, गुऱ्हाळं मोडायच्या आत काकवीचा सोडा जमला तर जमला. नाही जमला तर त्या नळातून ब्लूबेरी. पुन्हा विषय नाही.

"व्हय," चन्नाप्पा म्हणाले. शांतव्वांना दिलेला शब्द ते मोडत नसत. त्यामुळे तेजस्वीला भीती वाटली.

दिवाळी झाली. गुऱ्हाळं पेटली. चन्नाप्पांनी बाजारातून काकवी आणली आणि तशीच कडेच्या डब्यात ओतली. यंत्राच्या गारव्यात काकवी घट्ट झाली आणि बारीक नळीत मेणासारखी बसली. चन्नाप्पांनी यंत्र उघडलं, सायकलची तार घेतली, थर्मासातलं पाणी घेतलं. सगळा रविवार त्यात गेला. उदयसिंह दोनदा येऊन बघून गेला आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही, म्हणजे प्रकरण वाईट होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी काकवी कोमट पाण्यात सैल केली. लिंबू पिळलं. फडक्यातून गाळली. नळ उघडला. या वेळी काकवी आली.

आली ती फेस होऊन. ग्लास भरला, सोडा दिसेना. नळ बंद केला तरी फेस वाढत राहिला. ग्लासवरून उतरला, कट्ट्यावर पसरला, कट्ट्यावरून पायरीवर आला. तांबूस, मऊ, जड. त्यावर ऊन पडलं होतं आणि आत लहान लहान खोल्या उजळल्या होत्या. तेजस्वी बघतच राहिली. गल्लीतली माणसं थांबली.

"अण्णा," उदयसिंह म्हणाला, "दाढीची सोय केलीसा व्हय? वस्तरा आणू?"

सगळे हसले. चन्नाप्पाही हसले. हसताना त्यांनी फडकं घेतलं, पण पुसलं काहीच नाही.

तेवढ्यात शांतव्वा डबा घेऊन आल्या. त्यांनी फेसात दोन बोटं बुडवली. बोटं एकमेकांना लावली आणि हळूच लांब केली. मधे एक बारीक तार लोंबली.

"भेंडी हाय ह्यात," त्या म्हणाल्या.

चन्नाप्पा स्टुलावर बसले.

रसातली मळी वर यावी म्हणून गुऱ्हाळावर काहिलीत भेंडीचं चिकट पाणी सोडतात. मळी त्याला धरून वर येते आणि ती काढून टाकतात. लहानपणी चन्नाप्पा स्वतः भेंडीची झाडं ठेचून द्यायचे. त्यांना चूल आठवत होती, धूर आठवत होता, वाटीतल्या काकवीचा रंग आठवत होता. हाताला लागणारा तो बुळबुळीतपणा तेवढा पार विसरून गेले होते.

"गोड ते ध्येनात ठेवलं," ते म्हणाले. "चिकट ते इसरलो."

"सगळ्याच बाप्यांचं तसं असतंय," शांतव्वा म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

मग एका रविवारी चन्नाप्पा तेजस्वीला घेऊन शिरोळकडे गेले. एसटीतून उतरले, उसातल्या वाटेनं चालले. एक ट्रॅक्टर मागून आला, गाण्याचा आवाज सांडत पुढं गेला. आधी वास आला. मग धूर दिसला. मग शेड. वडिलांच्या वेळचं गुऱ्हाळ कधीच मोडलं होतं. हे दादासोंचं होतं. चन्नाप्पांची त्यांची ओळख नव्हती.

दादासो उंच होते. काहिलीपाशी उभे राहून फावड्यानं उकळता रस हलवत होते. वाफेत त्यांचं डोकं दिसत नव्हतं. त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. मानेनं खूण केली. एका बाईनं दोघांच्या हातात रसाचे तांबे दिले. रसात आलं होतं. प्यायल्यावर वाफेतून आवाज आला.

"भांडं आणलंयसा का?"

तेजस्वीनं चन्नाप्पांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं, की तिनं नजर दुसरीकडे वळवली.

मग चन्नाप्पांनी काम सांगितलं. भेंडी न घालता केलेली काकवी पाहिजे.

दादासो वाफेतून बाहेर आले. "बिगरभेंडीची?"

"व्हय."

"मळी कुठली वर यायची मग? गूळ काळा पडंल की. काळा गूळ घिऊन बाजारात उभा ऱ्हाऊ व्हय मी? माणसं म्हणतील, दादासोला डोळं ऱ्हायलं न्हाईत."

"गूळ नको. काकवीच पाहिजे."

"काकवी काय येगळ्या रसाची असती व्हय? काय करणार हाईसा तिचं?"

"सोडा."

दादासोंनी तेजस्वीकडे पाहिलं. माणूस बरा आहे ना, असं विचारल्यासारखं. तेजस्वीनं मान हलवली. मग चन्नाप्पांनी कडेच्या नळाचं सगळं सांगितलं. शहरात, राजारामपुरीत, एक नळ, ज्याला कार्ड लागत नाही. दादासो ऐकत होते, पण हात काहिलीवर होता. सांगून झालं तरी ते रसच हलवत राहिले.

"शेवटचं आधण बाजाराला जात न्हाय," ते म्हणाले. आधण म्हणजे काहीलभर रस. "हंगाम मोडताना जे आधण लावतो, ते कामाच्या माणसांचं. काळं निघू दे न्हाय तर गोरं, कोण बघत न्हाय. ते बिगरभेंडीचं लावतो. मळी हातानं काढू. पण तवर थांबाय लागंल."

"थांबतो," चन्नाप्पा म्हणाले.

परत येताना ते एसटीत खिडकीशी बसले होते. पुराच्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून होत्या. त्या बघत असतील असं तेजस्वीला वाटलं. पण ते झोपले होते. ओठ हलत होते.

मग ते थांबले. थंडी ओसरली. उन्हं तापली. गल्लीत दुपारी सावली कमी पडू लागली आणि सोड्यासमोर माणसं उभी राहू लागली. शांतव्वांनी ब्लूबेरीचा कॅन आणून कट्ट्याखाली ठेवला. नळ पुसायला वाकलं, की तो चन्नाप्पांना दिसायचा. ते नळ पुसायचे आणि म्हणायचे, "येतंय, येतंय." कॅनला म्हणायचे की नळाला, तेजस्वीला कळायचं नाही.

होळी झाली आणि दादासोंचा फोन आला.

चन्नाप्पा पहाटेच्या एसटीनं गेले आणि ऊन वर यायच्या आत परतले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कॅन होता. अजून कोमट होता. त्यांनी तो तेजस्वीच्या हाताला लावून दाखवला. शर्टाला धुराचा वास येत होता. काकवी काळपट होती, पण बोटांत तार धरत नव्हती. शांतव्वांनी स्वतः बघितलं. दोन बोटं लांब केली, पुन्हा जवळ आणली, पुन्हा लांब केली.

"हूं," त्या म्हणाल्या आणि घरी स्वयंपाकाला गेल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

चन्नाप्पांनी काकवी सैल केली, गाळली, कडेच्या डब्यात भरली. आता ती गार व्हायला वेळ लागणार होता. ते तेजस्वीच्या दुकानात आले.

"तंगी, नाव लिही. गुऱ्हाळ."

तिनं अक्षर निवडलं. ऱ्हा नीट यावा म्हणून दोनदा बदललं. कागद निघाला. ती थांबली.

"खाली काय लिहू? बाकीच्यांच्या खाली किंमत आहे."

"काय बी नको."

ते स्टिकर घेऊन गेले. ती दारातून बघत होती. त्यांनी नळावरचा पत्रा पुसला, वाळू दिला. स्टिकरची डावी कड लावली आणि मागचा पांढरा कागद थोडा थोडा सोडवत, अंगठ्यानं दाबत पुढं सरकले. आत हवा राहू नये म्हणून. अगदी सावकाश. ‘गुऱ्हा’ या अक्षरांपर्यंत आले, तेवढ्यात शिकवणीच्या पोरी आल्या. दोन जिरा, एक लिंबू. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरले.

पोरी गेल्यावर ते पुन्हा स्टिकरकडे वळले नाहीत. हात ओले झाले होते.

"ऱ्हायलेलं दुपारी दाबतो," ते तेजस्वीला म्हणाले. "आधी गार होऊ दे."

दुपारी गल्ली निजली. तेजस्वी विचारायला गेली, गार झालं का म्हणून. चन्नाप्पा स्टुलावर बसले होते. पाठ यंत्राला, डोळे मिटलेले. हातात थर्मासचं झाकण होतं. त्यात पाणी होतं. ती म्हणाली, अण्णा. मग पुन्हा म्हणाली. झाकण कलंडलं आणि पाणी तिच्या पायावर आलं. कोमट होतं.

उदयसिंह धावत आला. त्यानं त्यांना दोन्ही हातांवर उचललं, इस्त्रीचे कपडे उचलतो तसं, चुरगळू नये असं. रिक्षा, दवाखाना. डॉक्टर हृदयाबद्दल काहीतरी बोलले. तेजस्वीला शब्द ऐकू येत होते, त्यांचा अर्थ लागत नव्हता. संध्याकाळी ती गाळ्याशी आली तेव्हा यंत्र चालूच होतं. हलकं घुमत होतं. बंद कुठं करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

शांतव्वांच्या समाजात गेलेल्या माणसाला मातीत बसवून ठेवतात. चन्नाप्पा बसलेलेच गेले आणि बसलेलेच ठेवले गेले. मधे त्यांना कुणी फार वेळ झोपवलं नाही. तेजस्वीच्या मनात हा विचार आला आणि तिला तो कुणाला सांगता आला नाही.

गाळा काही दिवस बंद होता. मग एका सकाळी शांतव्वा आल्या. शटर वर केलं. ओल्या फडक्यानं नळ पुसले. आठही. कट्ट्याखालचा ब्लूबेरीचा कॅन त्यांनी उचलला, बाहेर आणला आणि लाँड्रीच्या पायरीवर ठेवला.

"हे घिऊन जा," त्या उदयसिंहाला म्हणाल्या. "मुंग्या लागत्यात."

मग त्यांनी कडेचा नळ उघडला. आधी हवा आली. मग थोडा फेस. फेस वर आला, ग्लासच्या काठापाशी थांबला आणि बसला. खाली तांबूस काळा सोडा होता. तेजस्वीनं एक घोट घेतला. जरा जास्तच गोड होता. मागून धुराची चव येत होती.

हातात हेल्मेट घेतलेला एक माणूस उन्हातून आला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं नळांवरून नजर फिरवली आणि लिंबू मागितला. शांतव्वांनी कडेच्या नळाखाली ग्लास धरला आणि त्याला दिला. तो काही बोलणार होता, पण तहान मोठी होती. संपवल्यावर त्यानं ग्लासात पाहिलं.

"हे काय होतं, मावशी? किती झाले?"

शांतव्वांनी ग्लास घेतला, विसळला, उपडा ठेवला.

"भांडं आणलंय का, पावणं?"

त्याला कळलं नाही. मग त्यानं गाडीला अडकवलेली पाण्याची बाटली काढली आणि हसत पुढं केली.

तो गेल्यावर तेजस्वी यंत्राजवळ गेली. स्टिकर तसाच होता. गुऱ्हा पत्र्याला घट्ट बसलेला. ळ मोकळा, मागचा पांढरा कागद अर्धा सुटून लोंबणारा. पंख्याचा वारा आला, की तो हलत होता. तिनं अंगठा पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," शांतव्वा मागून म्हणाल्या. "तूच सांगितलंस न्हवं, दुपारी दाबतो म्हटल्यात ते."

तेजस्वीनं हात मागं घेतला. ळ अजून मोकळाच आहे.